लिटरमागे माणसं किती?

मागच्या महिन्यात मी सहज लिहून गेलो की एकट्याने कार काढणं म्हणजे 70 किलोचा माणूस हलवायला 1000 किलो लोखंड ढकलणं, तर त्यावर एवढे मेसेज आले की संपादक बाई म्हणाल्या आता यावेळचं सदर यावरच करा. म्हटलं करू. शिव्या होत्या त्या बाजूला ठेवल्यात, प्रश्न होते ते घेतलेत, सगळे नाही जमले.

प्रश्न : आम्ही कराडला असतो, मुलगा पुण्याला शिकतो. मी महिन्यातून दोनदा कार घेऊन एकटाच जातो. तो म्हणतो पप्पा एसटीने या, कारने प्रदूषण होतं. मी म्हणतो अरे त्या एसटीच्या मागे उभा रहा, काळा धूर बघ, माझ्या कारमधनं काहीच दिसत नाही. कोण बरोबर?

मुलगा. पण तुमचंही पूर्ण चुकलेलं नाही, थांबा सांगतो.

मी तीसेक वर्षं वर्कशॉपमध्ये काढली, तिथे ड्रायव्हर लोकं आली की पहिला विषय अॅव्हरेजचा. पण गाडी लिटरला किती पळते हा अर्धाच हिशोब झाला. मी उलटं विचारतो, एका लिटरमध्ये एक माणूस किती लांब जातो? म्हणजे अॅव्हरेजला आतल्या माणसांनी गुणायचं, बास. तुमची कार हायवेला 16 देते, आत तुम्ही एकटे, म्हणजे 16. चौघं बसले की 64. बाइक 50 देते, डबलसीट गेलात तर अॅव्हरेज जरा पडतं तरी 90 च्या आसपास येतं. एसटी साडेचार देते असं धरा, ऐकायला भिकार वाटतं, पण 40 माणसं बसली की 180. आणि आपलं वडाप, ज्याला सगळे नावं ठेवतात, 11 ची जीप आणि 12 माणसं कोंबलेली, ते 130 च्या पुढे जातं! (कोंबावीत असं मी म्हणत नाहीये, हिशोब सांगतोय फक्त.)

आता कराड-पुणे 160 किलोमीटर धरलं तर तुम्ही एकटे कारने 10 लिटर जाळता, त्यातून 23 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. एसटीत तुमच्या वाट्याला एक लिटरपेक्षा कमी डिझेल येतं, म्हणजे अडीच किलोच्या आतच. आणि खरं सांगायचं तर तेवढंही नाही, कारण ती बस तुम्ही चढलात काय नि नाही चढलात काय, सुटणारच आहे, तुमच्या 70 किलोने तिचं डिझेल कितीसं वाढणार.

पण हेच गणित उलटं पण फिरतं. रात्रीची शेवटची गाडी पाच माणसं घेऊन गावाकडे जाते ना, तिचा आकडा 22-23 येतो, म्हणजे एकट्या बाइकवाल्यापेक्षा वाईट. म्हणून "सार्वजनिक वाहतूक चांगली" असं कोणी डोळे मिटून म्हणालं की मी विचारतो, भरलेली की रिकामी? आता ती रात्रीची गाडी बंद करा असं मी म्हणणार नाही, ज्याला घरी जायचंय त्याला ती एकच गाडी आहे, आणि दिवसाच्या गाडीत लोकं विश्वासाने चढतात ते रात्रीची परत आणणार म्हणूनच.

राहिला काळा धूर. ती काजळी, अर्धवट जळलेलं डिझेल. कार्बन डायऑक्साइड दिसतच नाही, त्यामुळे जे दिसतं तेच प्रदूषण असं आपल्याला वाटतं. काजळी फुप्फुसात जाते, ती स्टँडवर उभ्या माणसाला त्रास देते, कार्बन डायऑक्साइड सगळ्या जगाला. दोन वेगळी दुखणी आहेत. 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6, म्हणजे गाड्यांच्या धुराचा नवा कडक नियम, आला तेव्हा डिझेलमधलं गंधक 50 पीपीएमवरून 10 वर आणलं आणि नवीन डिझेल गाड्यांना काजळी अडवणारे फिल्टर आले, त्यामुळे नव्या बसच्या मागे उभं राहून बघा, फरक कळेल. जुन्या गाड्या आहेत त्या आहेतच, त्याबद्दल तुमची तक्रार शंभर टक्के मान्य. आणि पीयूसीच्या कागदावर भरवसा ठेवू नका, त्यात पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन बघतात, डिझेलचा धूर किती गडद ते बघतात, कार्बन डायऑक्साइड किती सोडता याची तिथे मर्यादाच नाही.

प्रश्न : सर मी नववीत आहे. एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलो मग त्यातून सव्वादोन किलो वायू कसा निघेल? वर्गात सगळे हसले. — बीड

हसू दे त्यांना, प्रश्न भारी आहे तुझा. पेट्रोल एकटं जळत नाही बाळा, हवेतला ऑक्सिजन घेऊन जळतं. कार्बनच्या एका अणूचं वजन 12, त्याला ऑक्सिजनचे दोन अणू चिकटतात 16 आणि 16, झाले 44. म्हणजे 12 ग्रॅम कार्बन घातला की 44 ग्रॅम वायू बाहेर. पाऊण किलो पेट्रोलमध्ये साधारण 630-640 ग्रॅम कार्बन असतो, त्याला 44 ने गुण, 12 ने भाग, येतो का सव्वादोन किलोच्या जरा वर? डिझेल जड असतं म्हणून त्याचं 2.7 किलोच्या जवळ जातं. उद्या फळ्यावर करून दाखव.

प्रश्न : पुण्या-मुंबईचे लोक हिरवी नंबरप्लेट लावून पर्यावरणवादी होतात. वीज कुठनं येते? आमच्याकडनं. आमच्या गच्चीवर कपडे वाळत घातले की संध्याकाळी राख झटकावी लागते. याला क्लीन म्हणायचं का? — चंद्रपूर जिल्हा

हा मेसेज मी तीनदा वाचला. राग बरोबर आहे.

आधी आकडे. इलेक्ट्रिक स्कूटर 100 किलोमीटरला बॅटरीतून तीन युनिट खाते. चार्जरमध्ये थोडी जाते, तारांमध्ये थोडी जाते, म्हणजे वीज केंद्रात चार-सव्वाचार युनिट तयार करावी लागतात. आपल्या देशात कोळसा, पाणी, सूर्य, वारा सगळं मिळून एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड पडतो, म्हणजे 100 किलोमीटरला तीन किलो. पेट्रोल स्कूटर 45 चं अॅव्हरेज देत असेल तर पाच किलो. तर हो, कोळशाची वीज धरूनही स्कूटर सरस आहे, कारण पेट्रोल इंजिन गावात पळताना पाचातला जेमतेम एक भाग चाकाला देतं, बाकी सगळं गरम हवा, आणि मोटर दहातले नऊ भाग चाकाला देते. बॅटरी बनवताना जो धूर झाला तो फिटायला मात्र 12-15 हजार किलोमीटर चालवावी लागते, म्हणजे रोज ऑफिसला जाणाऱ्याची दोन वर्षं. घेऊन पार्किंगमध्ये ठेवली तर फिटतच नाही.

पण हे स्कूटरचं झालं. दोन टनाची इलेक्ट्रिक एसयूव्ही घेतली तर तिला 100 किलोमीटरला 18 युनिट लागतात, गळती धरून 24, म्हणजे 17 किलो. छोटी पेट्रोल कार 18 चं अॅव्हरेज देणारी, तिचे 13 किलो. पेट्रोल काढायला, शुद्ध करायला, टँकरने आणायला लागणारी ऊर्जा वर धरा, तरी ती छोटी कार पंधरा-सोळाच्या पुढे जात नाही. आजच्या विजेवर ती हिरव्या प्लेटची धूड गाडी जुन्या छोट्या कारच्या पुढे नाही, हे शोरूममध्ये कोणी सांगणार नाही. वीज जसजशी सुधारेल तशी ती गाडी आपोआप सुधारेल, पेट्रोलची कधीच सुधारणार नाही, हा मुद्दाही खरा आहे आणि तो मी लपवत नाही.

आता तुमचा मूळ मुद्दा, की धूर गेला कुठे? पुण्याच्या चौकातून उठला आणि तुमच्या गच्चीवर बसला. कार्बन डायऑक्साइडच्या हिशोबात हे दिसतच नाही कारण तो कुठेही सोडला तरी सारखाच, पण राख आणि गंधकाचा वायू सारखे नाहीत, ते चिमणीच्या आसपासच्यांना आधी भोगावे लागतात. कोणी म्हणेल चिमणी उंच असते, एका ठिकाणी फिल्टर बसवणं लाख स्कूटरींना बसवण्यापेक्षा सोपं. बरोबर आहे, बसवणं सोपं आहे. बसवून नीट चालवले तर.

शहरातल्यांना एकच सांगतो, गाडी जमेल तिथे दुपारी चार्ज करा, तेव्हा सोलरची वीज भरपूर असते. रात्री सगळे झोपायच्या आधी प्लग लावतात तेव्हा सूर्य नसतो, कोयनेचं पाणी गरजेच्या तासांना पुरवून वापरतात, उरतो तो कोळसाच.

प्रश्न : इलेक्ट्रिकला सायलेन्सरच नाही, म्हणजे गावात तरी शून्य प्रदूषण ना? — ठाणे

टायर झिजतात ते कुठे जातात? रस्त्यावर आणि हवेत. बॅटरीमुळे गाडी जड, म्हणून टायर जरा जास्तच झिजतात, उलट ब्रेकची भुकटी कमी होते कारण मोटरच गाडी आवरते. शून्य नाही. कमी म्हणा.

प्रश्न : 2016 ला मांजरा धरण कोरडं पडलं तेव्हा मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणलं. तेव्हा बरेच लोक म्हणाले देखावा आहे, टँकर लावले असते तर लवकर झालं असतं. तुम्हाला काय वाटतं? — लातूर

देखावा किती होता ते राजकारणवाल्यांना विचारा, मी डिझेलचं सांगतो.

जलदूत नाव होतं त्या गाडीचं. एप्रिलमध्ये सुरुवातीला 10 वाघिणी (मालगाडीचे डबे) आल्या, प्रत्येकीत साधारण 50 हजार लिटर, नंतर 50 वाघिणींची गाडी लागली म्हणजे एका खेपेला 25 लाख लिटर. अंतर 340 किलोमीटरच्या आसपास. आता तेच पाणी 10 हजार लिटरच्या टँकरने आणायचं तर 250 टँकर लागतील, एकामागे एक लावले तर रांगच तीन-चार किलोमीटरची. भरलेला टँकर लिटरला चार देतो असं धरू, एका फेरीला 85 लिटर, गुणिले 250 म्हणजे 21 हजार लिटर डिझेल, नि परत रिकामे जाताना तेवढं नाही तरी पाऊणपट. रेल्वेचा माझा कच्चा हिशोब जाऊन-येऊन पाच हजार लिटरच्या आसपास येतो. सातपट फरक आहे. 250 ड्रायव्हर, 250 क्लीनर, रात्रभर घाटा-वळणांतून पळणार, त्यात अपघात, ते तर धरलंच नाही.

एवढा फरक का, तर चाक. रेल्वेचं चाक लोखंडाचं आणि रूळही लोखंडाचा, दोघांचा स्पर्श होतो ती जागा नाण्याएवढी, काहीच दबत नाही. ट्रकचा टायर प्रत्येक फेऱ्याला दबतो आणि परत फुगतो, त्यातच डिझेल जातं, लांब पल्ल्याचा ट्रक थांबला की टायरला हात लावून बघा कसा तापलेला असतो, ते तुमचंच डिझेल आहे. नुसत्या चाकाच्या घर्षणात चार-पाच पटीचा फरक पडतो. वर रेल्वेचा डबा पुढच्या डब्याच्या आडोशाला चालतो त्यामुळे हवेचा मार पहिल्यालाच, ट्रक प्रत्येक जण आपापली हवा फाडतो.

मग सगळा माल रेल्वेने का जात नाही? 1951 साली देशातला बहुतेक सगळा माल रेल्वेनेच जायचा, आता तिचा वाटा तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली आलाय. कारण ट्रक शेताच्या बांधावर येतो आणि वाघीण येत नाही. लासलगावच्या कांदेवाल्याला ट्रकवाला एका फोनवर मिळतो, वाघीण मिळवायला आधी कांदा ट्रकने स्टेशनवर न्यावा लागतो, तिथे हमाली, पलीकडे परत हमाली. कोकण रेल्वेने 1999 पासून यावर एक भारी उपाय केलाय, रो-रो, अख्खा ट्रकच वाघिणीवर चढवायचा, ड्रायव्हर केबिनमध्ये झोपलेला, कोलाडला चढला की गोव्यात वेर्ण्याला उतरतो. ट्रकचं वजन फुकट ओढावं लागतं हे खरं पण मुंबई-गोवा रस्त्याची अवस्था ज्याने बघितलीय तो तक्रार करणार नाही.

प्रश्न : ऊस आमचा, इथेनॉल आमचं. पण पेट्रोलमध्ये 20 टक्के मिसळल्यापासून माझ्याच बाइकचं अॅव्हरेज पडलंय. मग पर्यावरणाचा फायदा होतोय का आमची चेष्टा? — माळशिरस

अॅव्हरेज पडणारच. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांश ऊर्जा असते, 20 टक्के मिसळलं की लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी झाली. गाडी त्यासाठी ट्यून केलेली असेल तर थोडं भरून निघतं, जुनी असेल तर नाही.

फायद्याचं म्हणाल तर उसाने हवेतला कार्बन घेतला, तोच गाडीतून परत गेला, म्हणून बाहेर पडणारा धूर नवीन नाही असं धरतात. कागदावर सुंदर. पण त्या उसाला युरिया लागला, युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो. पाणी लागलं, ते विहिरीतून मोटरने उपसलं, मोटर कोळशाच्या विजेवर, परत चंद्रपूरच्या गच्चीवर आलोच आपण. ऊस ट्रॅक्टरने कारखान्यावर गेला. कारखाना स्वतःच्या चिपाडावर चालतो ही मात्र उसाची जमेची बाजू, मक्याला तशी सोय नाही. आणि आता इथेनॉलमध्ये मक्याने उसाला मागे टाकलंय हे बऱ्याच जणांना माहीतच नाही.

माझं मत विचाराल तर मळीपासून, सडक्या धान्यापासून होतं ते इथेनॉल चांगलं, कारण तो माल असाही निघणारच होता. खास गाडीच्या टाकीसाठी दुष्काळी तालुक्यात पाटपाण्याने ऊस लावणं मला पटत नाही. माळशिरसला हे बोललो तर मार खाईन, माहितीये.

प्रश्न : लोकल ब्रेक मारते तेव्हा वीज परत तयार होते असं ऐकलं. खरंच? आणि घाट उतरताना आपल्या कारमध्ये असं काही होतं का? — बदलापूर

खरंच, आणि ही नवीन गोष्ट नाहीये हो! मुंबईत पहिली विजेची गाडी 3 फेब्रुवारी 1925 ला व्हीटी ते कुर्ला धावली, मग चार-पाच वर्षांत तारा घाट चढून पुण्याला पोचल्या. तेव्हा मालगाड्यांना जे इंजिन होतं त्याला कर्मचारी खेकडा म्हणायचे, लांबलचक नाक पुढे-मागे, डुलत डुलत चालायचं, आवाज पण चमत्कारिक. स्विस डिझाइन, त्यांच्याकडे डोंगर असल्यामुळे त्यांना ही अक्कल आधी आली. तो खेकडा घाट उतरताना मोटरीच उलट्या कामाला लावायचा, मोटरचा जनरेटर व्हायचा आणि वीज वरच्या तारेत परत.

बोरघाटाचा चढ 37 ला 1 आहे, 37 मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. कर्जतला मागे बँकर इंजिनं जोडतात ती यासाठीच. हजार टनाची गाडी कर्जतहून लोणावळ्याला साधारण 550 मीटर वर चढते, घर्षण-बिर्षण सोडून नुसतं वजन उचलायला 1500 युनिट लागतात, साध्या घराची वर्षभराची वीज झाली. वर गेलेलं ते 1500 युनिट उतरताना परत मिळू शकतं, सगळं नाही पण बरंचसं. नाहीतर ब्रेकच्या ठोकळ्यांत जाळायचं. गंमत म्हणजे जुन्या 1500 व्होल्ट डीसीच्या काळात परत दिलेली वीज तिथल्या तिथे कोणीतरी घ्यावी लागायची, म्हणजे एक गाडी उतरताना दुसरी चढत असेल तर उतरणारी चढणारीला ओढते, विहिरीवर रहाटाला दोन बादल्या असतात तसं. आता 25 हजार व्होल्ट एसी आहे, वीज लांबच्या गाडीलाही जाते. नव्या लोकल वापरलेल्या विजेतली 30 टक्क्यांच्या आसपास अशी परत देतात, कारण लोकलला दर दोन-तीन मिनिटांनी स्टेशन, म्हणजे ब्रेकच ब्रेक.

कारमध्ये, इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड असेल तरच. पेट्रोल-डिझेल कार टाकीत काही परत टाकत नाही, पण एक होतं, गिअरमध्ये ठेवून पाय काढला की आजकालची इंजिनं इंधन पूर्ण बंद करतात, चाकंच इंजिन फिरवतात. आणि लोकं काय करतात, पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकून घाट उतरतात! न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला इंधन लागतंच, वर सगळा भार ब्रेकवर, ते तापतात आणि शेवटच्या वळणाला लागत नाहीत. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांच्या वेळची सवय आहे ती. सोडा.

प्रश्न : सगळ्यांना शिकवता, तुम्ही स्वतः काय चालवता?

नाव नाही, गाव नाही, पण प्रश्न रास्त आहे. रोजचं काम जुन्या पेट्रोल स्कूटरवर, लांबचं एसटीने किंवा रेल्वेने. पेट्रोल कार पण आहे, 14 वर्षांची, वर्षाला तीन हजार किलोमीटर पण होत नाही, पावसाळ्यात आईला दवाखान्यात न्यायला आणि लग्नसराईत. ती विकून इलेक्ट्रिक घ्या म्हणून मुलगी मागे लागलीय. मी तिला हिशोब करून दिला, तीन हजार किलोमीटरला सगळं मिळून 200 लिटर पेट्रोल, नवीन कारची नुसती बॅटरी बनवतानाच दोन-तीन टन धूर होतो, तो फिटेपर्यंत मी असेन की नाही शंका आहे. ती म्हणाली मग निदान खिडकीत पंखा लावल्यासारखा आवाज करते तो बेल्ट तरी बदला. तो बदलायचा राहिलाय अजून.